गिअरबॉक्स उतरवण्याआधी लॉकअपची चौकशी

जुन्या ऑटोमॅटिक गाडीबद्दल कोणी मला विचारलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सपाट रस्ता, इंजिन पूर्ण तापलेलं, वेग ८०, पाय स्थिर. अशा वेळी आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, काटा कुठे उभा राहतो? रंग, टायर, सीटकव्हर हे सगळं नंतर बघू. बहुतेकांनी तो काटा नीट पाहिलेलाच नसतो, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) गाडीत नेमकी तिथेच सगळ्यात उपयोगाची माहिती असते.

मी बरीच वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. 'अमका व्हॉल्व्ह उघडत नाही' अशी तक्रार आली की पाने घेऊन व्हॉल्व्हकडे धावायचं नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कंट्रोल रूममधून उघडण्याचा सिग्नल निघाला का, हे आधी बघायचं. निघाला असेल तर व्हॉल्व्ह जागचा हलला का, हे त्यानंतर. सिग्नलच निघाला नसेल तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, कितीही खोला. टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या आतल्या क्लचचा, तपास मी याच दोन प्रश्नांनी करते, आणि या प्रश्नांची उत्तरं हातात नसताना कोणी गिअरबॉक्स उतरवायला निघालं की मला राहवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

एक खुलासा आधी करते. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. एएमटीमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र हलवतं. ड्युअल क्लचमध्येही सहसा कन्व्हर्टर नसतो. सीव्हीटीमध्ये बहुतेक वेळा असतो, पण तिथे लॉकअप बऱ्याच कमी वेगाला लागतो. पुढचं सगळं मुख्यतः पारंपरिक, गिअर बदलणाऱ्या ऑटोमॅटिकबद्दल आहे.

कन्व्हर्टरमध्ये इंजिनाबरोबर फिरणारा इम्पेलर तेल फेकतो, ते तेल टर्बाइनला फिरवतं आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवते. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो, त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. या रचनेची किंमत अशी, की गाडीनं वेग पकडल्यावरही इंजिन आणि टर्बाइन यांच्यात थोडा फरक राहतोच. त्याला स्लिप म्हणतात. स्लिपमध्ये वाया जाणारी शक्ती तेल तापवते आणि इंधन खाते. यावर उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक घर्षण क्लच बसवतात. तेलाच्या दाबानं तो पुढच्या कव्हरवर आवळला जातो आणि इंजिन व टर्बाइन एकाच गतीनं फिरू लागतात. हाच लॉकअप. पॅकार्डनं १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये तो दिला होता. पण मोठ्या प्रमाणावर तो आला इंधनाची टंचाई जाणवू लागल्यावर, क्रायस्लरच्या १९७८ च्या मॉडेलांपासून.

हा क्लच कधी आवळायचा ते गाडीचा संगणक ठरवतो. वेग, गिअर, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिनच्या पाण्याचं तापमान, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान, ब्रेकवर पाय आहे का, हे सगळं बघून तो सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर हलणाऱ्या छोट्या झडपेला, हुकूम देतो. सोलेनॉइड मग व्हॉल्व्ह बॉडीतल्या (गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या ठोकळ्यातल्या) एका व्हॉल्व्हला हलवतो आणि तेलाची वाट बदलते. या साखळीत कन्व्हर्टर अगदी शेवटी आहे. दोष मात्र सगळ्यात आधी त्याच्यावरच येतो.

माझ्या भाच्यानं घेतलेल्या गाडीचं असंच झालं. सहा गिअरची जुनी सेडान, चालायला गुळगुळीत, गिअर बदलताना झटका नाही. पण मोठ्या रस्त्यावर इंधन फार पीत होती आणि चेक इंजिनचा दिवा लागून गेला होता. त्याचा फोन आला, "मावशी, गॅरेजवाले म्हणतायत कन्व्हर्टर गेलाय. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल."

मी विचारलं, "स्लिप किती दाखवत होती?"

"स्लिप म्हणजे?"

"बरं, कोड कुठला आला होता?"

"ते त्यांनी पुसून टाकले. म्हणाले, दिवा गेला."

कोड, म्हणजे संगणकानं नोंदवलेला दोषाचा क्रमांक, लिहून न घेता पुसणं मला फार खटकतं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंदही जाते. दोष घडला त्या क्षणी वेग किती, तापमान किती, इंजिनवर भार किती, हे त्या नोंदीत असतं. तपासाचा निम्मा पुरावा तिथेच असतो.

मी माझा स्कॅनर घेऊन गाडीत बसले. स्कॅनरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाईलला जोडायचे साधे ॲडॅप्टर आणि त्यांची फुकट ॲप्स बहुधा इंजिनचीच माहिती दाखवतात. लॉकअपचा हुकूम, टर्बाइनची गती, गिअर ऑइलचं तापमान हे बघायला त्या गाडीच्या कंपनीचा खास डेटा वाचणारं ॲप किंवा स्कॅनर लागतो. तो नसेल तरी निराश होऊ नका, पाण्याचं तापमान आणि आरपीएम साध्या ॲपमध्येही दिसतात आणि तेवढ्यावरही बरंच कळतं.

गाडी तापू दिली, सहाव्या गिअरमध्ये ८० ला स्थिर केली. भाचा चालवत होता, मी आकडे वाचत होते. इंजिन १९५०. टर्बाइन १७५०. म्हणजे स्लिप २००. गॅरेजचं निरीक्षण बरोबर होतं, लॉकअप लागत नव्हताच. आता दुसरा आकडा: लॉकअप सोलेनॉइडला दिलेला हुकूम. शून्य टक्के.

गॅरेजचं निदान तिथेच पडलं. संगणकानं क्लच आवळायला सांगितलंच नव्हतं, मग कन्व्हर्टरचा काय दोष? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग प्रश्न बदलतो. संगणक का सांगत नाही? मी सगळ्यात आधी ब्रेक स्विच बघते, कारण तो पटकन बघता येतो. पायाखालचा हा छोटा स्विच थोडा सरकला किंवा झिजला की ब्रेकला पाय न लावताही संगणकाला ब्रेक दाबल्यासारखं वाटतं आणि तो लॉकअप सोडून देतो. लाइव्ह डेटात ब्रेकची स्थिती पाहायची, आणि मागचे दिवे विनाकारण पेटलेले नाहीत ना हे उतरून बघायचं. भाच्याच्या गाडीत ब्रेक ठीक होता. ॲक्सिलरेटरचा आकडा पाय ठेवल्यावर स्थिर होता, उड्या मारत नव्हता.

पाण्याचं तापमान मात्र ६४ अंश सेल्सियस. अर्धा तास चालवूनही ६४. गर्दीत अडकलो तेव्हा ते चढत ८० कडे गेलं, आणि मोकळा रस्ता लागून वारा मिळाला की पुन्हा उतरलं. हे उघड्या अवस्थेत अडकलेल्या थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, अगदी नमुनेदार वागणं आहे. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नव्हता, गार इंजिनचा निळा दिवा तेवढा होता, आणि तो केव्हाच विझला होता. पेंडिंग कोडच्या यादीत, म्हणजे दिवा लावण्याआधी संगणक जे मनात धरून असतो त्या यादीत, पी०१२८ दिसला: पाणी थर्मोस्टॅटनं राखायच्या तापमानापर्यंत पोचत नाही. गॅरेजनं पुसलेला कोडही बहुधा हाच असणार.

इंजिन गार आहे असं दिसलं की संगणक मुद्दाम लॉकअप रोखतो, म्हणजे इंजिन लवकर तापावं आणि गार असताना धक्के बसू नयेत. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरून हवा काढली. पुढच्या फेरीत पाणी ८८ ला स्थिरावलं, हुकूमाचा आकडा शून्यावरून चढत गेला आणि २०० ची स्लिप काही क्षणांत ५ च्या आत आली. काटा १७५० वर येऊन थांबला. भाचा बराच वेळ त्या काट्याकडेच बघत होता आणि मला त्याला रस्त्याकडे बघ म्हणून सांगावं लागलं.

आता उलट परिस्थिती. हुकूम पूर्ण आहे, पण स्लिप मिटत नाही. इथे दोष गिअरबॉक्सच्या बाजूला आहे हे खरं, पण तरीही तो कन्व्हर्टरच असेल असं नाही. बऱ्याचदा याबरोबर पी०७४१ हा कोड येतो आणि त्याचा अर्थ 'कन्व्हर्टर खराब' असा लावला जातो. कोडचं म्हणणं एवढंच आहे, की मी क्लच आवळायला सांगितलं आणि अपेक्षित परिणाम दिसला नाही. पी०७४३ असेल तर तक्रार विजेच्या जोडणीची आहे. तिथे वायर, कनेक्टर आणि सोलेनॉइडची कॉइल तपासायची. मल्टिमीटरनं सोलेनॉइडचा रोध मोजून त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून बघायचा, थंड असताना एकदा आणि तापल्यावर पुन्हा. कॉइलचा रोध बरोबर आला तरी आतला व्हॉल्व्ह कचऱ्यानं अडकलेला असू शकतो. ते मल्टिमीटर सांगत नाही.

त्याआधी तेल बघायला हवं, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. तेलाची पातळी बघायची पद्धत गाडीगणिक वेगळी असते. पुष्कळ गाड्यांत तेल गरम आणि इंजिन चालू ठेवून बघतात. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट काढून तेल बारीक धारेनं बाहेर येतं का ते बघावं लागतं, आणि ते तापमान चुकलं तर पातळीही चुकते. तेलाचा वास घ्या. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे घर्षणाची प्लेट भाजली आहे. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, खोलला तर आतल्या लोहचुंबकावर बारीक राखाडी लेप असणं ही नेहमीची झीज आहे, त्यानं घाबरू नका. चकचकीत कण किंवा धातूच्या कपच्या दिसल्या तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

पातळी आणि तेल ठीक असेल तर मी स्लिप आणि तेलाचं तापमान शेजारी शेजारी लिहून काढते. तेल ५० अंशांवर असताना लॉकअप घट्ट, ७० ला स्लिप थोडी, ९० ला दीडशेच्या पुढे, असं चढत जाणारं चित्र दिसलं तर माझा संशय व्हॉल्व्ह बॉडीवर जातो. ॲल्युमिनियमच्या भोकात लॉकअपचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं घासतो, भोक झिजतं, आणि तापून पातळ झालेलं तेल त्या फटीतून निसटतं. क्लचला पुरेसा दाबच मिळत नाही. असं चित्र शाफ्टवरची आतली सील झिजल्यानंही दिसू शकतं, म्हणून मी याला संशय म्हणते, निकाल म्हणत नाही. पण बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह बॉडी चेंबरच्या बाजूनं काढता येते, गिअरबॉक्स गाडीतच राहतो. म्हणून आधी तिथे बघण्यात शहाणपण आहे. याउलट तेल गार असतानाही स्लिप तेवढीच आणि चढावर भार आला की आणखी वाढते, शिवाय तेल काळं, तर क्लचचं अस्तर संपलं असण्याची शक्यता बळावते. तेव्हा कन्व्हर्टर काढायला माझी हरकत नसते.

नव्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. त्यांत लॉकअप दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपासूनच लागू लागतो आणि काही वेळा संगणक मुद्दाम २० ते ५० आरपीएमची स्लिप राखतो, म्हणजे इंजिनची कंपनं आत येऊ नयेत. ती स्लिप दोष नाही. संगणकानं ठरवलेली स्लिप आणि प्रत्यक्षातली स्लिप असे दोन आकडे स्कॅनर देत असेल तर त्यांतला फरक बघा.

थरथरीचा प्रकार वेगळा आणि जास्त फसवा. ५० ते ८० च्या दरम्यान, हलक्या पायानं चालवताना, गाडी रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी काही सेकंद थरथरते आणि पुन्हा शांत होते. क्लच आवळताना पकडतो, सुटतो, पकडतो, त्याची ही थरथर. पण नेमकं असंच इंजिनच्या मिसफायरमुळेही, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळेही, जाणवतं. लॉकअप सुटलेला असताना मधलं तेल इंजिनचे गचके गिळून टाकतं. लॉकअप लागला की ते गचके थेट गाडीला जाणवतात. म्हणून 'लॉकअप लागल्यावरच थरथरते' एवढ्यावरून कन्व्हर्टरला दोषी धरता येत नाही. स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बदलून बरी झालेली 'कन्व्हर्टर गेलेली' गाडी मी स्वतः पाहिली आहे.

दोन्ही वेगळे ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे स्लिपचा आलेख. थरथर चालू असताना स्लिपची रेघ वरखाली नाचत असेल तर क्लच घसरतो आहे. रेघ शांत आणि गाडी थरथरते आहे, तर मिसफायरची मोजणी उघडा, कोणत्या सिलिंडरचा आकडा वाढतो ते दिसेल. सहसा मिसफायर भार वाढवला की बळावतो. लॉकअपची थरथर हलक्या पायाला जास्त जाणवते आणि जोरात दाबलं की लॉकअपच सुटल्यानं नाहीशी होते. थरथर लॉकअप असतानाही आणि नसतानाही ठरावीक वेगालाच येत असेल, तर चाकं, ड्राइव्हशाफ्ट यांच्याकडे वळा, गिअरबॉक्सचा विषयच नाही.

स्कॅनर नसताना करायची जुनी परीक्षा अशी: सरळ, रिकामा रस्ता, मागे कोणी नाही, वेग स्थिर, उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श. ब्रेकचे दिवे लागतील इतकाच. लॉकअप लागलेला असेल तर आरपीएम २०० ते ४०० नं वर जातो आणि पाय काढल्यावर काही क्षणांत खाली बसतो. काटा हललाच नाही तर बहुधा लॉकअप मुळात लागलेलाच नव्हता. मात्र दोन्ही पेडल एकदम दाबल्यावर इंजिनची ताकद कापणाऱ्या गाड्यांत ही परीक्षा गोंधळात टाकते. तिथे ॲक्सिलरेटरच किंचित सोडून पुन्हा धरायचा आणि काटा पाहायचा.

खऱ्या थरथरीतही पहिला उपाय तेलच. एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात, घर्षण कसं असावं हे ठरवणारी रसायनं असतात, ती संपली किंवा चुकीच्या प्रतीचं तेल पडलं की क्लच असा वागतो. जनरल मोटर्सच्या ८ गिअरच्या गिअरबॉक्समधल्या थरथरीचं प्रकरण गाजलं होतं. तिथे तेलानं ओलावा शोषणं हे कारण निघालं आणि कंपनीनं वेगळं तेल देऊन आतलं जुनं तेल पूर्ण काढायला सांगितलं. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा, कारण चेंबरचा बोल्ट काढून जे पडतं ते एकूण तेलाच्या अर्ध्याहूनही कमी असू शकतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत बसलेलं असतं. म्हणून मी मधे थोडी गाडी चालवून दोन-तीनदा काढणं-भरणं करायला सांगते. आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या डब्यावर माझा विश्वास नाही.

लॉकअप सुटतच नाही, असंही होतं. थांबायला लागलात की गाडी गचके खात बंद पडते, क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यावर पडते तशी. थांबण्याआधी न्यूट्रलमध्ये टाकल्यावर इंजिन नीट चालू राहत असेल तर संशय पक्का होतो. पी०७४२ याच्याशी जोडलेला आहे. अशी गाडी रहदारीत नेऊ नका, चौकात मधोमध बंद पडेल.

गाडी विकत घ्यायला गेलात तर इंजिन गार असताना जा आणि ते पूर्ण तापेपर्यंत चालवा. दहा मिनिटांच्या फेरीत कित्येकदा लॉकअप लागायची वेळच येत नाही आणि जो दोष तुम्ही शोधायला हवा तो झाकलेला राहतो. साध्या स्कॅनरमध्येही 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' पुष्कळ गाड्यांत दिसतं. ते २० किलोमीटर निघालं, तर आदल्या दिवशी काय पुसलं असं विकणाऱ्याला सरळ विचारा.

आणि सगळी चौकशी करून कन्व्हर्टर खरोखरच गेलेला निघाला, बदलायचं ठरलं, तर गॅरेजला दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा. कूलर आणि त्याच्या नळ्या धुणार का? जुन्या क्लचची पूड तिथे अडकलेली असते आणि न धुतल्यास ती नव्या कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत येते. दुसरं, काम झाल्यावर गिअरबॉक्सच्या संगणकाची जुनी सवय पुसून त्याला नव्यानं शिकवणार का? बऱ्याच गाड्यांत संगणक झिजलेल्या क्लचला सांभाळून घेत दाबाचे आकडे बदलत गेलेला असतो, आणि तेच आकडे नव्या क्लचला लावले तर तो पहिल्या दिवसापासून चुकीचा आवळला जातो.